काळ्याला दिवस गेले

तबेल्यासमोरच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. आजूबाजूच्या पैदास फार्मांचे मालक, त्यांचे मॅनेजर, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, सगळे हातात बाटली धरून रांगेत उभे होते. बाटल्यांमध्ये घोड्यांचं मूत्र होतं आणि धरणाऱ्यांचे चेहरे असे, की जणू अमृतच भरून आणलंय.

वेताच्या खुर्चीत फुंकरबाबा बसले होते. त्यांचं खरं नाव विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. कानात फुंकर मारली की कसलीही घोडी गाभण राहते, अशी त्यांची ख्याती. फुंकरीच्या आधी घोडी नराला दाखवलेली असायचीच, पण श्रेय मात्र फुंकरीला. मग काही दिवसांनी परीक्षा. बाटलीतलं मूत्र पांढऱ्या वाडग्यात ओतायचं, बाबांनी झोळीतून चिमूटभर पिवळी पूड काढून त्यात टाकायची आणि डोळे मिटून म्हणायचं, "पोटातल्या जिवा, आला असशील तर रंग दाखव." वाडग्यात रक्तासारखा लाल रंग पसरायचा आणि रांगेतले हात आपोआप जोडले जायचे.

जनावरांची डॉक्टर मागच्या फाटकातून आत आली. हा फार्म तिच्या मामाचा. लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या तिने इथेच शेणात आणि पेंढ्यात लोळून काढल्या होत्या आणि शिकून आल्यावर इथल्या घोड्याही तीच तपासायची. पण या हंगामात मामाने तिला येऊ नकोस म्हणून कळवलं होतं. बाबांना सोनोग्राफीचं यंत्र आवडत नाही, त्याने पोटातला जीव बिचकतो, असं कारण दिलं होतं. आज मामीने चोरून फोन केला म्हणून ती आली. थोरली खात नाही, एवढंच मामी बोलली होती.

थोरली ही मामाची सर्वांत लाडकी घोडी. तिच्या पोटच्या शिंगरांनी शर्यती गाजवल्या होत्या. पण आता तिचं वय झालं होतं आणि मागच्या हंगामात ती गाभण राहिली नव्हती. डॉक्टरने तेव्हाच मामाला समजावलं होतं की वयाबरोबर गर्भाशय सैल होऊन खाली लोंबतं, नर दाखवल्यावर आत साचलेली घाण त्याला बाहेर टाकता येत नाही, मग सूज येते आणि गर्भ टिकत नाही. हिला आता नुसती कुरणात चरू द्या, असं ती म्हणाली होती. मामाला ते झोंबलं होतं. आणि ज्याला डॉक्टर नाही म्हणाली, त्याला बाबा हो म्हणाले होते.

तिने थोरलीच्या खोलीचं दार उघडलं आणि आधी वास आला. सडक्या मांसाचा, गोडसर, घशात बसणारा वास. थोरली मान खाली घालून उभी होती. शेपटी चिकटली होती, मांड्यांवरून पिवळट पू ओघळून वाळला होता आणि त्यावर माशांचा थर होता. अंग तापाने फणफणलं होतं.

"मामी, हिला काय केलं?"

मामीने पदर नाकाला लावला. बाबांनी लेप घातला म्हणाली. राख, मध आणि कुठल्याशा झाडाचा चीक. कोपरापर्यंत हात आत घालून त्यांनी स्वतः घातला होता. हात धुतला होता का, असं डॉक्टरने विचारलं. मामी म्हणाली, "बाबांना कोण सांगणार हात धुवा म्हणून?"

डॉक्टरने आजवर पुष्कळ पू पाहिला होता, तिला पुवाची किळस नव्हती. बाहेर त्याच हाताला लोक कपाळ लावत होते, त्याची किळस आली.

तिने आधी थोरलीला तापाचं आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं. मग ती पलीकडे काळ्याच्या खोलीत गेली. काळ्या म्हणजे फार्मचा पैदाशीचा घोडा, अर्ध्या शिंगरांचा बाप. घोड्याखाली ताजा पेंढा टाकला की तो हमखास मुततो, हे तिला ठाऊक होतं. थोड्याच वेळात बाटली भरली आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.

तिला पाहून मामा चपापला. बाबा मात्र ओळखीचं हसले. शेवटी विज्ञानाचेही पाय इकडे वळले, असं काहीतरी त्यांनी लोकांना ऐकवलं. तिने बाटली पुढे केली.

"थोरलीचं ना?" बाबांनी स्वतःच ठरवून टाकलं. पूड पडली, डोळे मिटले, रंग लाल झाला. "गाभण आहे. मादी शिंगरू. कपाळावर चांद असेल."

मामाचे डोळे भरून आले.

"बाबा," डॉक्टर म्हणाली, "हे थोरलीचं नाही, काळ्याचं आहे. एवढ्या शिंगरांचा बाप झाला बिचारा, पण आई व्हायची त्याची पहिलीच वेळ."

क्षणभर कुणालाच कळेना. मग मागून एक मोतद्दार फिस्सकन हसला आणि हसू रांगभर पसरलं. बाबांनी सांभाळायचा प्रयत्न केला. काळ्याच्या देहात एका घोडीचा आत्मा अडकलाय, तो आज बोलला, असं ते म्हणाले. एकदोघांनी माना डोलावल्यासुद्धा. डॉक्टरने नळाचं पाणी दुसऱ्या वाडग्यात घेतलं, झोळीतली पूड उचलून त्यात टाकली. पाणी लाल झालं.

"आता नळालाही दिवस गेले," ती म्हणाली. "ही हळद आहे, हिच्यात चुना मिसळलाय. कोरडी असते तोवर पिवळी, ओली झाली की लाल. वाडग्यात घोडी असो, घोडा असो की नुसतं पाणी."

ती गाडीतून सोनोग्राफीचं यंत्र घेऊन आली आणि बाबांनी गाभण ठरवलेल्या मामाच्या घोड्या सगळ्यांसमोर तपासल्या. तरुण आणि निरोगी होत्या त्यातल्या बऱ्याच राहिल्या होत्या, फुंकरीविनाही राहिल्या असत्या. बाकीच्या रिकाम्या. गाभण आहेत या भरवशावर त्यांना पुन्हा नर दाखवलाच नव्हता आणि हंगाम संपत आला होता. हे ऐकल्यावर मालकांचं हसू मावळलं. जो तो आपापल्या तबेल्याचा विचार करू लागला. या गडबडीत बाबा कधी सटकले ते कुणाला कळलं नाही.

मामा थोरलीच्या दारात येऊन उभा राहिला. डॉक्टर नळी घालून तिचं गर्भाशय धूत होती. बादलीत पू, राख आणि चिकाच्या गुठळ्या पडत होत्या.

"तिला अजून एक शिंगरू हवं होतं गं," तो म्हणाला.

"तिला नाही मामा, तुम्हाला हवं होतं."

मामाने मग बादली उचलली आणि स्वतः जाऊन रिकामी करून आणली. थोरली जगली, पण पुन्हा कधी गाभण राहणार नव्हती.

त्या दिवशी निघताना फाटकाशी घुटमळणाऱ्या मालकांपुढे डॉक्टर थांबली. भाषण करायची तिला हौस नव्हती, अंगाला अजून वास येत होता. ती एवढंच म्हणाली, "जी परीक्षा कधीच नाही म्हणत नाही, ती परीक्षा नसते. तुमच्यापैकी एकानेही त्या वाडग्यात साधं पाणी टाकून पाहिलं नाही. उद्या दुसरा कुणी येईल, दुसरी झोळी घेऊन. त्याला विचारा, हे खोटं असेल तर मला कसं कळेल? ते विचारायचा धीर झाला नाही, तर निदान हात धुतलेत का, एवढं तरी विचारा."