सहाशे अकरावा आठवडा

एक्स-रेवाल्या ताईने तिला दारातूनच परत पाठवलं. "बाई, तुम्हाला दिवस गेलेत. असा फोटो काढता येत नाही."

आता बोला! बाईंचं वय पंचेचाळीस, खोकल्याने महिनाभर जीव नकोसा झालेला, आणि म्हणे दिवस गेलेत! नवरा मान खाली घालून चपलांकडे बघत राहिला. या विषयावर त्याने अकरा वर्षं तोंडात मूग धरले होते, आज तरी कुठला बोलायला!

दोघं पुन्हा डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आले. त्या नव्याच होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवर तिच्या आजारांची यादी उघडली. सगळ्यात वर होतं: गर्भारपण, चालू. आठवडा सहाशे अकरा.

"अगं बाई! कुणी बंदच केलं नाही हे," त्या हसल्या. "याला काय, थांब म्हणेपर्यंत मोजत बसतो."

तिला कुठलं हसू यायला? तिला ते ठाऊकच होतं. नुसतं ठाऊक कसलं, त्यासाठीच तर ती साध्या शिंकेलाही दवाखाना गाठायची. नर्स स्क्रीनकडे बघून विचारायची, "गरोदर आहात?" घरात त्या बाळाचं नाव काढायची चोरी होती. मुलगा की मुलगी, तेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाळंतपणात ती बेशुद्ध होती, आणि नंतर विचारायचा धीर झाला नाही. इथे निदान कुणीतरी विचारायचं. इथे ते अजून वाढत होतं. अधूनमधून निजताना तिला पोटात हललेलं जाणवायचं. भीती वाटायची, पण पोटावरचा हात काढायची त्याहून जास्त भीती वाटायची.

"राहू द्या ना ते, डॉक्टर," ती म्हणाली.

"राहू कसं देऊ? छातीत काय आहे ते बघायला नको? निम्मी औषधंही यामुळे अडतील. चुकून नोंदवलं, असं लिहिते. एक बटण दाबलं की गेलं."

"चुकून नव्हतं ते!" ती ओरडली, आणि खोकल्याची अशी उबळ आली की श्वास पुरेना.

नवरा तिच्या पाठीवरून हात फिरवू लागला. मग घसा खाकरून म्हणाला, "चुकून नाही, डॉक्टर. मुलगी होती. सातव्या महिन्यात गेली."

तिचा खोकला थांबला. "तुम्ही पाहिलंत तिला?"

"माझ्याच हातात दिली होती. केस होते गं डोक्यावर. तुझ्यासारखे, दाट. तुला सांगायला तोंडच उघडेना माझं."

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. हेच हात रोज तिला चहाचा कप द्यायचे. तिला त्याचा राग आला, आणि त्याची दयाही आली.

डॉक्टरीणबाईंनी बटणावरून बोट काढलं. "मग जे घडलं तेच लिहू," त्या हळूच म्हणाल्या. त्याने तारीख सांगितली. त्यांनी लिहिलं: प्रसूती, मुलगी, मृत. वरचा आकडा नाहीसा झाला. तिने पोटावर हात ठेवला. काही हललं नाही.

एक्स-रेवाल्या ताईने या वेळी नियमाप्रमाणे विचारलं, "गरोदर आहात?"

"नाही," ती म्हणाली. "एक मुलगी झाली होती मला."