मधलं नाव गाळू नका

सासऱ्यांना मी आयुष्यात एकदाच धमकी दिली, आणि त्यांनी ती फार मनावर घेतली.

आमच्या खोऱ्यात मुलाला दोन नावं ठेवतात. पहिलं रोजच्या हाकेचं. मधलं एरवी पडून असतं. पोरानं ट्रॅक्टरची किल्ली कालव्यात टाकली की आई मागच्या पायऱ्यांवर येऊन पहिलं आणि मधलं एका दमात ओरडते, आणि पोराला कळतं की आज आपली खैर नाही. म्हणून माझी बायको मार्लिस पोटुशी असताना रोज संध्याकाळी त्याच पायऱ्यांवर उभी राहून बर्फावर नावांच्या जोड्या ओरडून बघायची.

पहिलं नाव ठरलेलंच होतं, ऑरेलिया. तिच्या आईकडे दर हिवाळ्यात गुलाबांच्या रोपांचं चित्रांचं पुस्तक यायचं, त्यातल्या एका फिक्या पिवळ्या गुलाबाचं ते नाव. आमच्या आयडाहोच्या थंडीत तो जगणार नाही म्हणून आईनं तो कधी मागवला नाही. पण मायलेकी दरवर्षी त्याच पानावर थांबायच्या, आणि मार्लिसनं चिमुरडी असतानाच सांगून टाकलं होतं की माझ्या मुलीचं नाव हेच. प्रश्न फक्त मधल्याचा होता.

"ऑरेलिया फेथ," ती ओरडायची. कालव्यापलीकडचा कुत्रा भुंकायचा.

"प्रवचन ऐकल्यासारखं वाटतं," मी आतून म्हणायचो.

"ऑरेलिया ग्रेस."

"साबण."

"तू गप कॉफी पी," ती म्हणायची. त्या घरात कॉफी पिणारा मी एकटाच. बाकी सगळे चर्चवाले, कॉफीला न शिवणारे, आणि मी खाणीच्या गावातून आलेला पंपदुरुस्तीवाला. मार्लिसनं माझ्याशी लग्न केलं तेव्हा तिच्या वडिलांनी, ऑर्व्हलनी, मला एवढंच विचारलं होतं की बटाटे तरी खातोस का.

मधलं नाव शेवटी मी सुचवलं. लग्नाआधी त्यांच्या शेतावरचा पंप दुरुस्त करायला गेलो होतो तेव्हा खांबावर चंडोल गात होता, आणि ही वीस पावलांवर उभी. मी काय पाहिजे विचारलं तर म्हणाली, "पाखरू ऐकायला थांबलेय, तुला बघायला नाही." पाखरू उडून गेलं तरी ती तिथंच. म्हणून लार्क, म्हणजे चंडोल. मार्लिस पायऱ्यांवर गेली आणि ओरडली, "ऑरेलिया लार्क." मग बराच वेळ आत आलीच नाही. आली तेव्हा नाक लाल झालं होतं, थंडीनं म्हणाली.

सासऱ्यांना मात्र ते पटलं नाही. "पाखराचं नाव? मग पुढच्याचं कोंबडा ठेवा."

पोरगी जन्मली, आणि आता खरी अडचण. आमच्याकडे नाव रविवारी चर्चमध्ये देतात. पुरुष मंडळी गोल करून उभी राहतात, मधोमध सगळ्यांच्या हातांवर बाळ, आणि एकजण प्रार्थनेत नाव उच्चारतो. हे काम बापाचं. पण बाप चर्चचा नसेल तर त्याला गोलात जागा नाही. त्यानं बाकावर बसून बघायचं. माझ्या पोरीचं नाव ऑर्व्हल घेणार होते. लग्न त्यांच्या मनाविरुद्ध झालं, घर त्यांच्या जमिनीवर बांधलं, पोरीचा पाळणासुद्धा त्यांच्या माळ्यावरचा. माझं म्हणावं असं त्या पोरीत एक नाकाचा शेंडा आणि एक मधलं नाव, आणि तेच नेमकं सासरे खाकरल्यासारखं करून गिळून टाकतील अशी मला धास्ती.

मी त्यांना बटाट्याच्या तळघराशी गाठलं. "बाबा, पहिलं नाव तुमच्या लेकीचं. मधलं माझं. ते गाळलंत तर मी बायको-पोरीला घेऊन माझ्या गावी जाईन. नात नाताळला बघा."

त्यांनी हात पँटला पुसले. तेव्हा त्यांची बायको जाऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. वर्ला तिचं नाव. ऐन बटाटा काढणीत गेली. तेव्हापासून हा माणूस जेवायला ताटं दोन मांडायचा, एक उचलून ठेवायचा आणि कुणाशी धड बोलायचा नाही. नातीला नाव द्यायचं काम मात्र त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं.

"गाळणार नाही," ते म्हणाले.

त्यानंतर जेव्हा बघावं तेव्हा ते गोठ्यात "लार्क, लार्क" पुटपुटताना दिसायचे. "गाईंना पाठ झालं, आता बाबांचं बघू," मार्लिस म्हणाली. आई गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. मी आणि मार्लिस पुढच्या बाकावर. गोलात तिचे भाऊ, चुलते. थोरला भाऊ डेल, जो गावच्या चर्चचा बिशप, म्हणजे प्रमुख आहे, त्यानं वडिलांच्या तोंडाशी माईक धरला. सगळ्यांनी डोळे मिटले. ऑर्व्हलचा आवाज सुरुवातीला घोगरा होता, मग सापडला. जन्मभर या मुलीला ज्या नावानं ओळखतील ते नाव आम्ही देत आहोत, असं ते म्हणाले आणि थांबले.

"वर्ला," ते म्हणाले. मग पाठीवरचं पोतं खाली ठेवावं तसं दमदार, "लार्क."

खरं सांगतो, मला आधी लार्कच ऐकू आलं, आणि मी खूश झालो. मग मार्लिसची नखं माझ्या मनगटात रुतली.

प्रार्थनेत कुणी मध्ये बोलत नाही. मारामारीत बोलतील, प्रार्थनेत नाही. ते पुढं आरोग्य मागत राहिले, चांगला नवरा मागत राहिले, आणि माझी बायको उघड्या डोळ्यांनी बापाच्या पाठीकडं बघत राहिली. मी बाकावर. मला उठता येत होतं आणि येतही नव्हतं. असा बसल्या जागी कधी मेलो नव्हतो.

आमेन झालं आणि बायकांनी मार्लिसला घेरलं. शेजारच्या हॅन्सनबाईंनी तर गळामिठीच मारली. "आईचं नाव ठेवलंस गं पोरी. आम्हाला पत्ता नाही लागू दिलास."

"नाही, मावशी, ते..." मार्लिस म्हणाली.

"बोलू नकोस. मला सगळं कळतं." आणि हॅन्सनबाई हुंदके द्यायला लागल्या. त्यांच्यामागं आणखी चौघी रुमाल काढून उभ्या होत्या.

डेलला आम्ही बाहेरच्या बोळात गाठलं. तो बिचारा पांढरा पडला. "पुढच्या रविवारी उभा राहून सांगतो की चूक झाली. पण आधी बाबांना सांगावं लागेल."

बाबा पलीकडं बाळ हातावर घेऊन एकेकाला दाखवत होते. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी दाढी नीट केली होती. आम्ही तिघंही बघत राहिलो, आणि तिथून कुणी हललं नाही.

दुपारी सगळे आमच्याकडं जेवायला. चीज घातलेले बटाटे, डुकराचं भाजलेलं मांस, किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली. ऑर्व्हलनी काटा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "काय जावईबापू, मधलं गाळलं नाही ना?"

"नाही बाबा."

"तीच भीती होती रे. झोपेतसुद्धा घोकत होतो. पहिल्याची काही चिंता नाही, ते काय, वर्ला दर हिवाळ्यात ते पान उघडून बसायची." त्यांनी हात पुढं केले. "आणा बघू माझ्या ऑरेलियाला."

डेलनं बहिणीकडं बघितलं. मार्लिसनं मान जेमतेम हलवली, नाही म्हणून, आणि बाळ त्यांच्या हातात दिलं.

भांडी घासताना मी म्हणालो, "सांगू या गं. चूक कुणाचीही होते."

"सांग. सांग की देवासमोर तुम्ही मेलेल्या बायकोला हाक मारलीत. मग ते पुन्हा कुणाच्या डोक्यावर आशीर्वादाचा हात ठेवतात का बघ."

"पण नाव तुझं होतं."

"हो," ती म्हणाली. "माझं होतं." आणि घासलेलंच पातेलं परत घासायला घेतलं.

सरकारी दाखल्यावर ऑरेलिया लार्क आहे. पण दाखला कपाटात राहतो आणि पोरगी गावात. खोऱ्यानं कानांनी ऐकलं ते वर्ला, आणि खोरं तिला वर्लाच म्हणत राहिलं. दुकानात, शाळेच्या बसमध्ये, रविवारी पोरांच्या वर्गात. आम्ही दोनचारदा दुरुस्त करून बघितलं, तर लोक म्हणायचे, विनय पुरे झाला. माझं लार्क शाबूत होतं, आणि त्याची मला दर वेळी लाज वाटायची. ऑरेलिया म्हणणारे फक्त ऑर्व्हल. ते ऐकून त्यांच्यासमोर सगळं गाव आपोआप 'पोरगी' म्हणायला शिकलं.

एकदा मात्र त्यांनी विचारलंच. "ही हॅन्सनबाई आपल्या ऑरेलियाला वर्ला का म्हणते गं?"

"म्हातारी झाली, बाबा," मार्लिस म्हणाली.

"अरेरे," ते म्हणाले. "होतो असा घोळ. तिला बोलू नका कुणी."

पोरगी पहिलीत असताना ते गेले. दफन झाल्यावर काही दिवसांनी मार्लिस मागच्या पायऱ्यांवर गेली. पोरगी कालव्याच्या पातळ बर्फावर पाय ठेवून बघत होती. मार्लिसनं श्वास घेतला आणि पोर पोटात असताना ओरडायची तसं ओरडली, "ऑरेलिया लार्क."

पोरगी गर्रकन वळली. आधी आजोबांच्या घराच्या दाराकडं बघितलं, मग आईकडं. चिखल तुडवत पायऱ्यांशी आली आणि म्हणाली, "त्या नावानं आजोबा बोलावतात. तू नको बोलावूस."

मार्लिसनं खाली वाकून तिच्या बुटांवरचा चिखल झटकला.

"बरं," ती म्हणाली. "वर्ला, आत ये. जेवण निवतंय."