मानसिंगचे बूट

चामराजपेटेत मानसिंगचं नाव कुणी काढलं की सकवारबाई कडाकडा बोटं मोडायच्या. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी याच मानसिंगसाठी त्या मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसायच्या, रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या, आणि त्यानं गोल मारला की शेजारच्या माणसाच्या पाठीत असा गुद्दा घालायच्या की तो बिचारा पुढच्या सामन्याला लांब जाऊन बसायचा. त्यांचा नवरा भवानी स्पोर्टिंग या फुटबॉल क्लबचा पहिला गोलकीपर. तो गेला, पण बाईंची खुर्ची काही सुटली नाही. साठी उलटली तरी क्लबची पोरं त्यांना अक्का म्हणायची आणि त्यांच्या तोंडाला टरकून असायची.

मानसिंगला त्यांनीच वाढवला म्हणायला हरकत नाही. आई लवकर गेलेलं पोर. सराव संपला की त्यांच्या स्वयंपाकघरात पाट मांडून बसायचं. उजवा पाय असा की कोपऱ्यातून मारलेला बॉल हवेत वळून जाळ्यात शिरायचा. आणि हा मानसिंग एक दिवस क्लब सोडून व्हाइटफील्डकडच्या एका कारखान्याच्या संघात गेला. कायमची नोकरी मिळाली होती, लग्न ठरलं होतं, त्यात वाईट काय होतं? पण हे सकवारबाईंसमोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यातून त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, लीगमध्ये त्यानं भवानीवरच दोन गोल मारले. मारले आणि हात वर न करता मान खाली घालून उभा राहिला. सकवारबाईंना त्याचाच जास्त राग आला.

"तोंड लपवतोय बघा, गद्दार!" त्या खुर्चीवरून किंचाळल्या. मग अख्खा स्टँड तेच ओरडू लागला. क्लबचे सेक्रेटरी जयतीर्थ, बँकेतून रिटायर झालेला शांत माणूस, त्यांनीसुद्धा चप्पल काढून हवेत नाचवली.

त्यानंतर महिन्याभरात खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळं बेंगळूर आपापल्या यंत्राची पूजा करतं. बसला केळीचे खुंट बांधतात, ऑटोच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, आणि रस्त्यावर जिथे तिथे कोहळे फुटतात. भवानी स्पोर्टिंगमध्ये देवीच्या तलवारीपुढे बूट मांडतात. प्रत्येकानं आपले बूट धुवायचे, हळदीकुंकवाची बोटं ओढायची आणि देवीपुढे ठेवायचे. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ज्याचे त्यानंच उचलायचे. शेवटची जोडी उचलल्याशिवाय पूजा मोडत नाही आणि पूजा मोडल्याशिवाय कुणी बॉलला पाय लावत नाही. हा नियम घालून दिला सकवारबाईंच्या नवऱ्यानं, पोरं त्याला दादा म्हणायची. त्यानं आणखी एक नियम घातला होता. दृष्ट काढून कोहळा चौकात फोडला की ज्यानं फोडला त्यानंच लगेच झाडून कडेला करायचा, कारण रस्ता रहदारीचा.

त्या संध्याकाळी जयतीर्थांनी कोहळा ओवाळला, चौकाच्या मधोमध आपटला. आतलं कुंकू आणि गर रस्ताभर पसरला. ते झाडू उचलायला वाकले तर सकवारबाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या तसाच."

"अक्का, गाड्या जातात."

"जाऊ देत की! ज्याची दृष्ट लागली त्याच्याच पायाखाली येऊ दे!"

पोरं खो खो हसली. एकानं शिट्टी मारली. जयतीर्थही हसले आणि झाडू भिंतीला लावून आत आले.

चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटून होतो न होतो तोच बाहेर ब्रेक करकचले. सगळे धावत चौकात गेले. झेंडूच्या माळा घातलेली एक सिटी बस तिरकी उभी होती, पुढे स्कूटर आडवी पडली होती, आणि बसच्या पुढच्या चाकाखाली एका माणसाचा उजवा पाय होता. कुणीतरी त्याचं हेल्मेट काढलं. मानसिंग.

मग एकच बोंब उठली. महिनाभर ज्या तोंडांनी गद्दार म्हटलं तीच तोंडं आता "आमच्या मानसिंगला चिरडलं" म्हणून ओरडत होती. ड्रायव्हर कल्लाप्पाला कॉलर धरून खाली ओढला. तो हात जोडून काहीतरी सांगत होता, पण ऐकतो कोण? त्याचा मनगटाशी हात पिरगळला गेला तेव्हा कट्कन आवाज आलेला सगळ्यांनी ऐकला, तरी कुणी थांबलं नाही. सकवारबाईंनीही पायातली चप्पल काढून त्याच्या तोंडावर दोनदा हाणली. तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा त्यांची नजर खाली गेली. स्कूटरच्या चाकाची लांबलचक घसरण रस्त्यावर उमटली होती आणि ती कोहळ्याच्या गरातून गेली होती. त्यांचा हात वरच राहिला.

स्कूटरची डिकी उघडून तिच्यातून एक नवा टॉवेल बाहेर पडला होता. टॉवेलात बुटांची जोडी. स्वच्छ धुतलेली, आणि प्रत्येक बुटावर हळदीकुंकवाची पाच पाच बोटं. तो पूजेला आला होता. कारखान्याच्या संघात जाऊनही बूट आपल्या देवीपुढे ठेवायला आला होता!

मानसिंगला रिक्षात घालून नेला. सकवारबाईंनी बूट उचलले, छातीशी धरले, आत जाऊन देवीपुढे मांडले आणि डोकं टेकलं. त्याचा पाय वाचव, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. आपण काय करून बसलो हे त्यांना दसऱ्याच्या सकाळी कळलं. सगळ्यांनी आपापले बूट उचलले. एक जोडी उरली, ती मानसिंगनंच उचलायची. आणि तेवढ्यात हॉस्पिटलमधून निरोप आला की मानसिंगचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

पेटेत त्या दिवशी सोनं कुणी वाटलं नाही. सगळ्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कल्लाप्पा पोलीस कोठडीत होता, त्याला फासावर द्या म्हणत पोरं डेपोवर जाऊन आली. जयतीर्थांनी कोपऱ्यावर उभं राहून भाषण ठोकलं. भाषणात कोहळ्याचा उल्लेख नव्हता. कुणाच्याच बोलण्यात नव्हता. सकवारबाई ऐकत होत्या आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या. तूही हसलास, तूही हसलास, तूच शिट्टी मारलीस. त्यांना सगळ्यांच्या मुस्कटात द्यावीशी वाटली, आणि सर्वांत आधी स्वतःच्या.

आठवड्यानं हॉस्पिटलनं भेटायला परवानगी दिली तर अख्खा क्लब हार घेऊन गेला. वॉर्डाच्या दारात "मानसिंग अण्णा झिंदाबाद" सुरू झालं. मानसिंगची बायको नयना बाहेर आली. डोळे सुजलेले, पण आवाज ताठ.

"तोंडं बंद करा. मॅचला येऊन त्यांना काय म्हणत होता ते मी ऐकलंय. माझ्या शेजारीच बसला होता तुम्ही." मग सकवारबाईंकडे वळून म्हणाली, "तुम्हाला बोलावलंय. एकट्याच या."

मानसिंग उशीला टेकून बसला होता. चादर डावीकडे पायाच्या आकाराची होती आणि उजवीकडे गुडघ्याखाली सपाट. सकवारबाईंनी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं.

"ड्रायव्हरचा हात कुणी मोडला, अक्का?"

"आपल्या पोरांनी."

"आपल्या?" तो म्हणाला. "तुमच्या म्हणा. त्यानं ब्रेक मारला होता. चांगला वेळेवर मारला होता. मी आधीच पडलो होतो, कोहळ्यावरून. दादा असताना चौकात एक साल दिसत नव्हती. या वेळी झाडू कुणी मारला नाही?"

खोटं बोलायला जागा होती. जयतीर्थ विसरले, म्हणता आलं असतं. सकवारबाईंनी जन्मात कधी आवाज खाली करून बोलायची सवय लावून घेतली नव्हती, पण आता त्या हळूच बोलल्या.

"मी नको म्हणाले. मी म्हणाले, ज्याची दृष्ट लागली त्याच्याच पायाखाली येऊ दे."

"माझं नाव घेतलंत?"

"नाव कशाला घ्यायला हवं होतं?"

"आणि हे बाहेरचे?"

"हसले."

मानसिंगच्या गालाचा स्नायू उडत होता. मग तो इतक्या हळू बोलला की ओरडला असता तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

"मला सांगू नका, अक्का. त्या ड्रायव्हरला जाऊन सांगा. पोलिसांना सांगा. आणि ते हार न्या इथून, वास येतोय."

"तुझे बूट देवीपुढे आहेत, मानसिंग. मीच मांडले."

"कुणी सांगितलं होतं? राहू देत तिथेच."

बाहेर आल्यावर सकवारबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. आत जे घडलं ते त्यांनी भर व्हरांड्यात सगळ्यांना ऐकवलं, नर्स गप्प करायला आली तर तिलाही दटावलं.

"चला आता ठाण्यात! कल्लाप्पाची चूक नाही म्हणून सांगायचं, कोहळा आपला म्हणून सांगायचं. मारायला आला होतात ना सगळे? चला!"

कुणाला ड्यूटी आठवली, कुणाला आईचं औषध. शिट्टी मारणारा जिन्यावरून केव्हा खाली गेला ते कळलंच नाही. उरले फक्त जयतीर्थ, तेही भिंतीला धरून.

"अक्का, स्वल्प विचार करा. क्लबचं नाव जाईल."

"पाय गेला त्याचा! नाव काय चुलीत घालायचंय?"

दोघं ठाण्यात गेली. इन्स्पेक्टरनं सगळं लिहून घेतलं, एकदा हसला, मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. कल्लाप्पा सुटला. तो सुटल्यावर सकवारबाई जे. पी. नगरला त्याच्या घरी गेल्या. दार त्यानंच उघडलं, हात गळ्यात बांधलेला. त्यांनी जमेल तशा कन्नडमध्ये सगळं सांगितलं, कोहळ्याचं, चपलेचं. तो ऐकत राहिला. बाईंचं बोलणं संपलं तेव्हा "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाला आणि दार लावून घेतलं.

आता क्लबात बुटांची एक जोडी आणि पूजेपासून गाठोड्यात बांधून ठेवलेला बॉल. पूजा मोडत नव्हती. पुढचा सामना भवानीनं न खेळताच सोडला, त्याच्या पुढचाही. पोरं आधी कुजबुजली, मग उघड बोलू लागली.

"अक्का, अण्णा यायचे नाहीत. आपणच उचलू या."

सकवारबाईंनी घडीची खुर्ची क्लबच्या दारात टाकली.

"हात लावून बघ. तुझा हात कल्लाप्पासारखा करते."

त्या रोज येऊन बसू लागल्या. मैदानावर ओरडणारी बाई आता दारात बसून ओरडायची. ज्यांनी पाठ फिरवली त्यांची नावं घेऊन ओरडायची. लोक रस्ता बदलून जाऊ लागले. जयतीर्थांनी एकदा चहा आणून दिला, तो त्यांनी तोंड फिरवून घेतला.

थंडी पडली तेव्हा एका सकाळी चौकात ऑटो थांबली. नयना उतरली, मग कुबड्या उतरल्या, मग मानसिंग. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि बघता बघता सगळी पेठ गोळा झाली. आईचं औषध आठवलेलाही आला, शिट्टीवालाही आला. मागून कुणीतरी "मानसिंग अण्णा..." म्हणून सुरुवात केली.

"गप्प!" मानसिंग मागे न बघता म्हणाला.

चौक ओलांडताना तो प्रत्येक पाऊल बघून टाकत होता. दाराशी आला तेव्हा सकवारबाईंनी खुर्ची बाजूला ओढली. त्याला धरायला हात पुढे केला, तो त्यानं घेतला नाही.

आत देवीपुढे बुटांवर धूळ बसली होती, कुंकू वाळून काळं पडलं होतं. मानसिंग नयनाच्या खांद्याला धरून वाकला. त्यानं डावा बूट उचलला, शर्टाला पुसला, काखेत घातला आणि वळला.

"अण्णा," जयतीर्थ चाचरत म्हणाले, "दुसरा राहिला."

"तो तुमचा," मानसिंग म्हणाला. जयतीर्थांना नव्हे, सकवारबाईंना. "तुम्हीच मागितला होतात ना देवीजवळ?"

सकवारबाई त्या उजव्या बुटाकडे बघत राहिल्या. कुबड्यांचा आवाज दारातून बाहेर गेला, चौकातून गेला. ऑटो सुरू झाली.

मग त्या भानावर आल्या आणि गर्दीवर उसळल्या.

"ऐकलंत ना? तुमचा म्हणाला, म्हणजे आपल्या सगळ्यांचा! मग या की पुढे! हसताना होतात ना सगळे? उचला!"

एकही माणूस पुढे आला नाही. कुणी जमिनीकडे बघत होतं, कुणी देवीकडे. सकवारबाई खाली बसल्या, गुडघ्यांनी कुरकुर केली, आणि त्यांनीच तो उजवा बूट दोन्ही हातांनी उचलून पदरात घेतला.

"मोडली पूजा," त्या पोरांवर ओरडल्या. "जा, खेळा आता!"

जयतीर्थांनी गाठोडं सोडलं आणि बॉल दारातून बाहेर सोडला. तो घरंगळत पोरांच्या मधून गेला, चौकात जाऊन थांबला. कुणीही त्याला पाय लावला नाही.