आंबट कण्यांचे गाडगे

मित्रांनो, कुंपणाच्या खुंटावर उपडे घातलेले, एका बाजूने काळवंडलेले जुने गाडगे दिसते ना तुम्हाला? तेच मी. हल्ली माझ्यावर सरडे तेवढे येऊन बसतात. इतके दिवस ऐकायला कोणी नव्हते, म्हणून आज तुमच्याशीच बोलते.

बाळापूरच्या कुंभाराने मला घडवले आणि मनकर्णामायने बाजारातून डोक्यावर घेऊन मला घरी आणले. घरात ती एकटीच. नवरा वारलेला, मुलगा देवमन अकोल्याच्या वसतिगृहात शिकत होता. सोबत होती ती दहा-बारा गावरान कोंबड्यांची. त्या दिवसभर उकिरडे उकरत गावभर हिंडायच्या. त्यांच्यासाठी ती माझ्यात ज्वारीच्या कण्या, कोंडा आणि ताक कालवून ठेवी, आणि ते आंबले की सकाळी त्यांच्यापुढे टाकी. मात्र मला ती कधीच पुरते रिकामे करत नसे. तळाशी मूठभर जुने आंबट ठेवायचे आणि त्यावरच नवे घालायचे, ही तिची रीत. बाहेरून पुसायची, आतून कधी धुतले नाही. दिसायला मी ओंगळच होते म्हणा! पण माझ्या पोटातले ते आंबट जिवंत होते. ते खाऊन तिच्या कोंबड्यांना कधी हगवण लागली नाही.

"माह्या कोंबड्यायचा वैद आहे हे," असे ती शेजारच्या गंगूबाईला सांगे. तेव्हा मी मनातल्या मनात फुगून जाई. गंगूबाईनेही माझ्यातलेच मूठभर नेऊन आपल्या घरी तसेच गाडगे लावले होते.

अकोल्याची शाळा संपवून देवमन अमरावतीला गेला आणि १९६१ च्या हिवाळ्यात तिथून कोंबडीपालन शिकून आला. सोबत टोपलीत वीस पांढरी पिल्ले.

"माय, हे जगले तं मी गावातच धंदा टाकतो. नाही तं अमरावतीले नोकरी धरतो," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मनकर्णामायला पिल्लांशिवाय काही सुचेना. ती जगली तर मुलगा घरी राहणार होता. ती त्यांना माझ्यातल्या कण्या बोटांनी मऊ करून भरवी. चार-पाच दिवसांत पिल्ले कशी तरतरीत झाली!

मग एके दिवशी ती कापूस वेचायला गेली असताना देवमनची नजर माझ्यावर पडली. त्याने आत डोकावले आणि नाक मुरडले. स्वच्छतेचे धडे तो नुकतेच शिकून आला होता. त्याने माझ्यातले सगळे उकिरड्यावर ओतले. मग कढत पाणी, धुण्याचा सोडा, राख आणि काथ्या घेऊन तो दोन तास मला घासत राहिला. आईचे काम हलके करावे, हाच त्याचा हेतू होता. त्या कढत पाण्याने माझ्या पोटातले सारे मरून गेले, आणि मला ते ओरडून सांगताही येईना.

संध्याकाळी त्याने मोठ्या कौतुकाने मला तिच्या हातात दिले. "पाह्य माय, कसं लख्ख केलं! जंतूचं घर होतं ते."

तिने माझ्यात नाक घालून वास घेतला. "बरं केलं बापू," एवढेच ती म्हणाली.

तिने लगेच नव्या कण्या ताकात भिजवल्या. पण थंडीत त्या लवकर आंबेनात. पिल्लांना पांढरी हगवण लागली आणि एकेक मान टाकू लागले. तिसऱ्या दिवशी ती मला घेऊन गंगूबाईकडे मूठभर आंबट मागायला गेली.

"त्याले सांगत काहून नाही वं?" गंगूबाईने विचारले.

"आपल्याच हातानं मेले असं समजलं तं त्याच्या जिवाले लागन. मंग थो पुन्हा कधी घरी येईन काय?"

त्या मुठीने सहा पिल्ले वाचली. चौदा गेली होती. देवमनने तोवर पेटी भरली होती. "इथल्या ताकातच खोट आहे माय. या गावात काही जगत नाही," म्हणून तो एसटीत बसला. मनकर्णामाय वाटेवर उभी होती. एक शब्द बोलली असती तर तो उतरला असता. ती बोलली नाही.

त्यानंतर तो वर्षातून दोन दिवस यायचा. बाकी दिवस ती कोंबड्यांशी बोलायची, आणि मला ढवळताना माझ्याशी. सात वर्षे अशी गेली. मग ती वारली.

दिवस उरकल्यावर गंगूबाईने देवमनला सारे सांगितले आणि कोंबड्या घेऊन ती आपल्या घरी गेली. त्याने मला मांडीवर घेतले. आंबट ताकाने पिल्लांची हगवण थांबते, हे त्याला एव्हाना नोकरीत कळलेही होते.

"माय, सांगतलं असतं तं मी राह्यलो असतो वं," तो म्हणाला. घरात ऐकायला माझ्याशिवाय कोणी नव्हते. मग त्याने मला या खुंटावर ठेवले आणि दाराला कुलूप घातले.

मित्रांनो, कोणाच्या घरचे भांडे घासायला घ्याल, तर आधी त्यात काय आहे ते विचारा. आणि आपल्या माणसाची चूक दिसली तर ती त्याला सांगून टाका. तो चिडेल, दोन दिवस रुसेल, पण घरी राहील.