पुस्तकांचे दात

ज्या गावात पुस्तक वाचलं जातं, त्या गावाला कुणीही फसवू शकत नाही. हे वाक्य मी एक जानेवारीला आमच्या ब्राह्मणपुरीच्या वाचनालयात, सात सभासदांसमोर, उभं राहून म्हटलं. टाळ्या झाल्या. मी खाली बसलो आणि थेट फरशीवर गेलो, कारण खुर्ची मागच्या मागे सुपडूने ओढून घेतली होती. त्याचं म्हणणं, ती त्याचीच होती. त्या दिवसापासून मला सुपडूचा संशय येतो.

सुपडू म्हणजे शहादा-तळोदा गाडीवर अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस. त्याच बैठकीत त्याने विषय काढला, "वाचनालयनी किल्ली अकरा वरीस गुरुजीकडेच कसाले?"

गुरुजी म्हणजे मी. किल्ली माझ्याकडे आहे म्हणून लोक मला ओट्यावर हाक मारतात, म्हणून सरपंच विचारतो, "गुरुजी, उघडं शे का?" घरात मला असं कुणीच काही विचारत नाही. शिवाय बारा ते चार ती खोली माझी असते. ही किल्ली गेली तर मी नुसता एक म्हातारा उरतो, आणि तसे गावात पुष्कळ आहेत.

आमचा सचिव कुंदन तरुण आहे, त्यामुळे त्याला न्यायाची आवड आहे. त्याने ठराव लिहिला: तीस जूनला अर्ध्या वर्षाच्या वाचनाचा आढावा घ्यायचा आणि ज्याची पुस्तकं जास्त, किल्ली त्याची. मी लगेच सव्वीस पुस्तकं वाचण्याचा संकल्प जाहीर केला. सुपडू काही बोलला नाही. न बोलणाऱ्या कंडक्टरपासून सावध राहावं.

मग मी त्याच्यावर लक्ष ठेवायला लागलो. सकाळी दुधाला जाताना तो ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेला. परत येताना तसाच. म्हैस पाणी प्यायला सुटली तरी तसाच. एका शनिवारी मी त्याच्या शेजारी टेकलो.

"कसं काय वाटलं पुस्तक?"

"चांगलं शे. शेवटी सगळं ठीक व्हस."

"कुणाचं ठीक होतं?"

"ज्यानं बिघडेल व्हतं त्यानं."

पुढच्या शनिवारी दुसऱ्या पुस्तकाबद्दल विचारलं. त्यातही शेवटी सगळं ठीक झालं होतं. ते पुस्तक कापसावरच्या बोंडअळीचं होतं.

आता माझ्या वाचनाबद्दल. माझ्या यादीत सव्वीस नावं होती, आणि त्यातली बहुतेक मी मनापासून उघडली होती. प्रस्तावना तर सगळ्यांच्या वाचल्या. प्रस्तावना लिहिणाऱ्याने पुस्तक वाचलेलं असतं, मग पुन्हा आपण कशाला? चार पुस्तकं संपवली. उरलेल्यांत विसाव्या पानाच्या आसपास काहीतरी व्हायचं. कधी जेवायची हाक यायची, कधी यायची नाही, तरी मी उठायचो. आणि एक यादीत नसलेलं पुस्तक होतं, मुलांसाठी लिहिलेलं, पाखरांच्या घरट्यांवरचं. ते मी मार्चात तीनदा वाचलं. सत्तरीच्या माणसाने सुगरणीचं घरटं वाचलं हे यादीत घालायला लाज वाटली.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात कुंदनने आकडे मागवले. सुपडूने एकतीस सांगितले.

"एकतीस?" मी घरी येऊन धनुबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना, म्हटलं. "ह्या माणसाने आयुष्यात तिकिटाच्या मागचा मजकूर वाचला नसेल."

"तुम्ही कितला वाचात?"

"विषय सुपडूचा चालला आहे."

"तेच इचारी ऱ्हायनू," ती म्हणाली आणि निवडायचं सूप घेऊन आत गेली.

मी सुचवलं, तपासणी व्हावी. तपासनीसही मीच सुचवला: सारंगखेड्याचा लोटनभाऊ. घोडेबाजारात चाळीस वर्षं दलाली केलेला, घोड्याचं तोंड उघडून दातांवरून वय सांगणारा. मालकाने चार म्हटलं आणि घोडा नऊचा असला, तर लोटनभाऊ नऊच सांगणार, मालक सख्खा साडू असला तरी. सुपडूची लबाडी पकडायला असाच माणूस हवा होता. तपासणी दोघांची होणार, हे माझ्या लक्षात लोटनभाऊ मोटरसायकलवरून उतरल्यावर आलं.

कुंदनने टेबलावर दोन ढीग लावले. लोटनभाऊने टोपी काढली, पहिलं पुस्तक उचललं, पाठीवरून हात फिरवला, कडेने अंगठा सोडून पानं फर्रकन पळवली आणि मधे उघडून वास घेतला.

"हाई घोडानी गवतले तोंड लायेल शे," तो म्हणाला. "खायेल नही."

ते माझं होतं. मी म्हटलं, "लोटनभाऊ, मी पुस्तक जपून वाचतो."

"गुरुजी, जपीसन कोनी जेवत नही."

माझा ढीग संपला. आकडा तो तोंडाने सांगेना. बाजारात तसा रिवाज नाही. आधी मालकाशी रुमालाखाली बोटांनी ठरतं, मग मालक बोलतो. त्याने खांद्यावरचं उपरणं आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. सात माणसं बघत होती. मी त्याचा अख्खा पंजा पाच वेळा दाबला आणि वर एक बोट. सव्वीस.

त्याने माझी चार बोटं धरली.

मी पुन्हा पंजा धरला, दोनदा. तो माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होता. चार बोटं. मी एकदाच पंजा धरला आणि जरा कळवळून धरला. चार.

"काय करी ऱ्हायनात?" सुपडू म्हणाला. "लगीन ठरी ऱ्हायनं का?"

तेवढ्यात लोटनभाऊची नजर कपाटाच्या खालच्या फळीवर गेली. दुसऱ्या हाताने त्याने घरट्यांचं पुस्तक ओढलं. कोपरे मऊ पडलेले, पाठ सैल. "हाई कोनं?"

"माझं," मी हळूच म्हटलं.

"हाई घोडं मातर चाली चाली म्हातारं व्हयनं." उपरण्याखाली पाचवं बोट आलं.

रिवाजाप्रमाणे आकडा मीच सांगायचा होता. "पाच," मी म्हटलं. कुंदनने लिहून घेतलं. त्याने वर बघितलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

मग सुपडूचा ढीग. लोटनभाऊ एकेक बघत गेला आणि त्याचा चेहरा गंभीर होत गेला. प्रत्येक पुस्तकाच्या प्रत्येक पानाचा खालचा कोपरा सुरकुतलेला होता. थुंकी लावून उलटलेला, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. उपरण्याची गरजच पडली नाही. सुपडूने स्वतःच म्हटलं, "एकतीस."

"हा कंडक्टर आहे," मी उभा राहिलो. "अंगठ्याला थुंकी लावून ह्याने तिकिटं मोजली तशी पानं मोजली आहेत. उलटणं म्हणजे वाचणं नव्हे."

लोटनभाऊने शांतपणे टोपी घातली. "गुरुजी, गवत तोंडमा गयं का नही, इतलं मी सांगस. पोटमा गयं का नही, ते दुसरे दिन समजस. ते मन्हं काम नही."

सगळे हसले. सुपडूही हसला, आणि मला अजून सांगता येत नाही, ते वाचलेल्या माणसाचं हसू होतं की सुटे पैसे न दिलेल्या माणसाचं.

कुंदनने माझ्याकडे हात पुढे केला. मी कमरेची किल्ली सोडली. अकरा वर्षांत करगोट्याला तिची जागा पडली होती. सुपडूने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि ज्ञानाचं दार, गावाचा दिवा असं बराच वेळ बोलला. त्यातलं अर्धं भाषण माझंच होतं, जानेवारीतलं. चहा आला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. हरलेल्याने दोन शब्द बोलायचे असतात.

मी उठलो, घसा साफ केला.

"सुपडूभाऊ," मी म्हटलं, "एकच विनंती आहे. उद्या उघडाल तेव्हा तिसऱ्या कपाटामागे माझी उशी आहे. तेवढी घरी पाठवून द्या."