चिमणाबाईंच्या पदरातलं झाकण

मी एक झाकण आहे. पांढरं, प्लास्टिकचं, शेळ्यांच्या जंतांच्या औषधाच्या बाटलीवरचं. हसू नका, माझ्या अंगावर मापाच्या रेघा आहेत आणि मला त्यांचा अभिमान होता. आता मात्र कुणी औषधाची बाटली उघडली की माझा जीव खालीवर होतो.

१९९७ साली मी घोटीच्या बाजारातून चिमणाबाईंच्या घरी आलो. त्यांच्या चार शेळ्या. बाई शेळीचं तोंड धरायच्या आणि मला डोळ्यासमोर नेऊन रेघ बघायच्या. करडाला कमी, गाभण शेळीला तर जनावरांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय थेंबही नाही. शेळ्यांच्या बाबतीत बाई फार काटेकोर.

त्या वर्षी मुलगा लखन आणि सून द्राक्षछाटणीच्या कामाला पिंपळगावला गेले. चार वर्षांची सायली आजीपाशी राहिली. पोर झोपेत दात खायची, सारखी खाजवायची. गावातल्या डॉक्टरांनी जंतांच्या औषधाची लहान बाटली दिली आणि सांगितलं, "एक झाकण, एकदाच."

घरी आल्यावर ते बारकं झाकण करडाने चावून टाकलं. बाईंनी मला धुतलं.

"झाकण ते झाकण," त्या म्हणाल्या आणि पोरीच्या औषधाने मला काठोकाठ भरलं.

माझ्यात तसली चार झाकणं मावतात. तोंड असतं तर मी ओरडलो असतो. औषध गोड होतं, सायलीने मिटक्या मारत पिऊन टाकलं.

थोड्या वेळाने ती उठली आणि भिंतीवर आदळली. "आजे, भुई हालती," म्हणाली, मग ओकली. कुणाला दिसू नये म्हणून बाईंनी मला पदराच्या गाठीत बांधलं आणि शेजारच्या गोटीरामच्या जीपमधून पोरीला त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं.

"किती पाजलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमी सांगितलं तेवढंच. एक झाकण."

"नक्की?"

"एकच दिलं. पोरीच्या गळ्याची आन."

खोटं काहीच नव्हतं त्यात, म्हणून तर मी गाठीत तडफडत होतो. एका झाकणाने असं होत नाही, डॉक्टर म्हणाले. मेंदूचा ताप असेल, नाशिकला न्या, पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल. चिठ्ठी लिहायला लागले. बाईंनी पदराची गाठ मुठीत आवळली होती, मी त्यांच्या घामाने भिजलो होतो. सायलीची मान एका बाजूला कलंडली.

तेव्हा बाईंनी गाठ सोडली.

"ह्यानं पाजलं. शेळ्यांचं हाय," त्या म्हणाल्या. "लखनला सांगू नका. तो पोर माझ्यापाशी ठेवायचा नाय."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी चिठ्ठी फाडली. काय झालंय ते कळल्यामुळे उपचारही कळला. दोन दिवस त्यांनी पोरीला नजरेखाली ठेवलं, तिसऱ्या दिवशी सायली सरळ चालली. पण लखनला कळायचं ते कळलंच. तो आला आणि पोरीला घेऊन गेला.

मला डॉक्टरांनी ठेवून घेतलं, सहा वर्षं मी त्यांच्या टेबलावर आहे. औषध देताना ते मला दाखवतात, बाटलीसोबतचंच माप वापरा म्हणतात. माझी विनवणी वेगळी आहे. चूक झाली तर किती आणि कशाने पाजलं ते आधी सांगा, लाज नंतर बघता येते.

चिमणाबाई गुडघ्यांसाठी येतात. बाकावर लेकरू घेऊन एखादी बाई बसलेली असली की माझ्याकडे बोट करून म्हणतात, "ह्या झाकणानं मी माझ्या नातीला औषध पाजलं व्हतं." कुणी विचारलेलं नसतं. सायली आता दहा वर्षांची आहे, पण लखन तिला सुट्टीतही आजीकडे पाठवत नाही.