उकळलेल्या साली

पेटी लखलखताना पाहिली आणि ती न्यायला आलेली बहीण दारातच थबकली. बाबांची काचेची पेटी कधी लखलखत नसे. आत शेवाळ, नेचे, कुजकी पानं आणि एकावर एक टाकलेल्या झाडाच्या साली. आज त्याच साली घासून पुसून ओळीने मांडल्या होत्या.

"कशी झाली?" दादाने कौतुकाने विचारलं. "तू नेणार म्हणून साफ करून ठेवली. साली तर उकळत्या पाण्यातून काढल्या. अगं, विंचवाची पिल्लं होती त्यांच्यात!"

तिने एक साल उचलून उलटी करून पाहिली. "पिल्लं नव्हती ती, दादा. खोटे विंचू. शेपूट नाही, नांगी नाही. तांदळाच्या कणीएवढे."

"चिमटे होते की."

"तुला दोन हात आहेत, म्हणून तुला माकड म्हणायचं का? आज म्हणावंसं वाटतंय खरं."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनीला हसू फुटलं, ते तिने तिथेच गिळलं.

या पेटीत एकदा पांढरी बारीक कीड माजली होती. बाबांनी पाळलेल्या भुंग्यांच्या अळ्या पटापट मरत होत्या आणि औषध मारावं तर उरलेल्याही गेल्या असत्या. तेव्हा बाबांनी जुन्या ओंडक्यांच्या सालीखालून हे खोटे विंचू शोधून आणून सोडले. ते कीड खात राहिले, वाढत राहिले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जाण्याआधी बाबांनी तिच्याकडे एकच मागणं मागितलं होतं: "पेटी तू ने. ते जगले पाहिजेत."

"एवढ्याशा किड्यांसाठी माझं डोकं का खातेस?" दादा चिडला. "मला कुणी सांगितलं होतं?"

"तू कधी वाकून पाहिलंस? सालीखाली रेशमाच्या इवल्याशा खोल्या विणून माद्या अंडी सांभाळत बसतात. त्यांना तू उकळलंस. आणि वर विचारतोस, कशी झाली!"

दादाचं तोंड उतरलं. तो पुटपुटला, "पेटीतली माती नाही उकळली. जिन्याखाली पोत्यात आहे. माळीकाका नेणार होते."

ती पुढचं ऐकायला थांबलीच नाही. पोतं तिने एकटीनेच ओढत वर आणलं, दादाला हात लावू दिला नाही. मग बाबांची पद्धत: चाळणीत थोडी माती, खाली पांढरी वाटी, वर चांगला तापणारा जुना दिवा. माती वरून सुकू लागली की आतले जीव ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि वाटीत पडतात.

पहिल्यांदा पडली ती कीड. मग मुंग्या. मग पुन्हा कीडच. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण वाटीवरची नजर हलवायची नव्हती.

एक तांबूस कण पडला. त्याने दोन्ही चिमटे उगारले आणि तो झपकन मागे सरकला.

"हाच का?" दादाने भिंग डोळ्याला लावलं. "अरे, हा तर उलटा पळतो! मग झालं तर. सापडला ना?"

"एक सापडला. एकटा काय संसार मांडणार आहे तो? नर आहे की मादी, तेही मला कळत नाही. बाबांना कळायचं."

बाह्या वर सारून दादा तिच्या शेजारी बसला, पोत्यात हात घातला आणि भलीमोठी मूठ भरून चाळणीवर धरली.

"मुठीने नाही," ती खेकसली. "चिरडतील. चमचा घे."